पाणी नको म्हणणारी झारी

मित्रांनो, वैतागलेली झारी तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेल तर या गच्चीच्या कोपऱ्यात बघा. पोचे आलेली, रंग उडालेली, पत्र्याची जुनी झारी, ती मी. मला तोंड आहे, पण ते फक्त पाणी सांडायला. बोलता आले असते तर सबंध उन्हाळाभर मी या घरात आरडाओरडा केला असता.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. त्याने मला कापले, वाकवले, डाख लावून जोडले आणि तोंडावरच्या चकतीला खिळ्याने बारीक भोके पाडली. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतले. गल्लीतले सगळे त्यांना मावशी म्हणतात. मशीनवरून उठल्या की पाठ मोकळी करायला त्या गच्चीवर यायच्या, कुंड्यांना पाणी घालायच्या आणि म्हणायच्या, "काय हलकी धार आहे हिची! रोपाला कळतसुद्धा नाही." त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षे खूश होते. मग घरात रबरी नळी आली आणि मी जिन्याखाली गेले. तिथे एका कोळ्याने माझ्यात संसार थाटला.

मला पुन्हा बाहेर काढले ते मावशींच्या नवऱ्याने. काका घड्याळे दुरुस्त करायचे. पण त्यांचे हात थरथरू लागले. चिमट्यात धरलेला बारीक स्क्रू टेबलाखाली उडायचा आणि गिऱ्हाईक वर छताकडे बघत उभे राहायचे. शेवटी काकांनी दुकान बंद केले. त्यानंतर ते खिडकीपाशी बसून असत. विचारले तेवढ्याला हो किंवा नाही म्हणत. मावशींनी एक दिवस टोमॅटो, मिरची आणि वांग्याची रोपे आणून त्यांच्यापुढे ठेवली.

"एवढं तुम्ही बघा. मला अजिबात वेळ नाही," त्या म्हणाल्या. वेळ त्यांना होता, हे मला माहीत आहे.

काकांनी बघितले, आणि असे बघितले की विचारू नका! उठले की पाणी. जेवण झाले की पाणी. जाता-येता पाणी. लादीवर डाग पडतात म्हणून मावशींनी प्रत्येक कुंडीखाली खोल थाळी सरकवली. झाले! आता वरून माझी धार आणि खालून तळे.

थोड्याच दिवसांत टोमॅटोची खालची पाने पिवळी पडली. मग मिरचीची. माती चिंब ओली, तरी पाने मान टाकून बसलेली.

"तहान लागलीय बिचाऱ्यांना," असे म्हणत काकांनी मला उचलले.

अहो, कसली तहान! मातीवर शेवाळ धरले होते, भोवती चिलटे घोंगावत होती. मी ओतलेले पाणी खाली जिरतच नव्हते, वरच्या वर उभे राहत होते. मातीला कोणी नुसते बोट लावले असते तरी कळले असते. पण बोट लावायचे कोणी?

मग सल्ले देणारे आले. शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब राहतात. ते गच्चीच्या कठड्यावरून वाकून म्हणाले, "ही उपासमार आहे. खत घाला." काकांनी खत कालवून माझ्यातून ओतले. पानांच्या कडा करपल्या. लेक सासरहून आली, तिने फोनवर पिवळ्या पानांचे फोटो ताडून पाहिले. "बाबा, बुरशी दिसतेय. फवारणी करा." फवारणी झाली. पाने पिवळी ती पिवळीच, वर आता चिकटही. मग ऊन जास्त होते म्हणून कुंड्या सावलीत, सावली जास्त झाली म्हणून पुन्हा उन्हात. मी अक्षरशः मेटाकुटीला आले. जो तो पान बघत होता. पानाखाली खोड असते, खोडाखाली मूळ असते, हे कोणाच्या डोक्यातच येईना!

एका दुपारी मिरचीने उरलीसुरली पानेही टाकली. काका पालथ्या बादलीवर बसले.

"माझ्या हाताला यशच उरलं नाही," ते म्हणाले. "आधी घड्याळं गेली, आता ही रोपं. टाकून दे सगळ्या कुंड्या."

मावशी गळ्यात टेप अडकवून तशाच वर आल्या होत्या. त्यांचा पारा चढला.

"टाकून दे काय? गिऱ्हाईक बंद घड्याळ घेऊन आलं, की तुम्ही काचेवरून तेल ओतायचात का हो?"

"काहीतरीच! आधी उघडून बघायचो."

"मग हे कोणी उघडायचं? मी?"

काकांनी बाह्या सरसावल्या. मग उठले, रद्दी पेपर पसरला, मिरचीची कुंडी आडवी केली आणि बुडावर थापट्या मारल्या. मातीचा अख्खा गोळा बाहेर आला, आणि असा दर्प सुटला की मावशींनी नाक दाबले. मुळे तपकिरी, बुळबुळीत झाली होती, ओढली की तुटत होती. एका कडेला तेवढी थोडी पांढरी मुळे शाबूत होती. कुंडीचे भोक चिखलाने गच्च बुजले होते.

"तहान कसली, हे रोप तर बुडत होतं," काका हळूच म्हणाले. "आणि मी वरून ओततोय!"

"आणि थाळ्या मी ठेवल्या," मावशी म्हणाल्या.

काकांनी डोळ्याला भिंग लावले. मावशींनी दोरे कापायची कात्री दिली.

"माझा हात हलतोय गं. चांगलं मूळ कापलं जाईल."

"हलू दे. मी रोप धरते. तुम्ही घाई करू नका."

कुजलेले कापले, पांढरे राखले. तापल्या सळईने प्लॅस्टिकच्या कुंड्यांची भोके मोठी केली, बुडाशी कौलाचे तुकडे घातले, वाळू मिसळलेली भुसभुशीत माती भरली. एकेक करत सगळ्या कुंड्या झाल्या. थाळ्या गेल्या, खत आणि फवारणी थांबली. माझ्यातून एकदाच बेताचे पाणी मिळाले आणि रोपे कवडशाच्या उन्हात ठेवली गेली.

पुढचे काम सगळ्यात कठीण होते, काही न करण्याचे. काकांचा हात माझ्याकडे वळला की आतून मावशींचे "अहो!" ऐकू यायचे. वांगे वाचले नाही. काकांनी ते स्वतः उपटले आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. टोमॅटोची पिवळी पाने हिरवी होतील म्हणून ते रोज बघत बसत. ती काही झाली नाहीत. पिवळे पडलेले पान परत हिरवे होत नसते. पण एका सकाळी मिरचीच्या शेंड्याला तांदळाएवढे हिरवे काहीतरी दिसले, आणि काकांनी इतक्या मोठ्याने हाक मारली की मावशी हातातले कापड टाकून धावत आल्या.

मित्रांनो, तुमच्या रोपाचे पान पिवळे पडले तर हात जोडून सांगते, लगेच माझ्याकडे धावू नका. आधी माती चाचपा. कुंडीचे भोक मोकळे आहे का बघा. माती खरोखर कोरडी असेल तर मी आहेच. ओली असेल तर मला भरलेली तशीच राहू द्या. माझा अपमान होत नाही.

काका आता रोज मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घालतात. काल मावशींनी दारातून विचारले, "ओल आहे का?"

"आहे की."

"मग बोट का काढत नाही?"

"राहू दे जरा," काका म्हणाले. "इथे ते हलत नाही."