बाईंच्या हातचे छापयंत्र

मित्रांनो, मी हाताने चालणारे एक जुने छापयंत्र आहे. माझे वय विचारू नका. माझ्या बरोबरीची यंत्रे केव्हाच वितळवली गेली. ओतशाळेत माझा जन्म झाला आणि एका अरुंद बोळातल्या छापखान्यात मी कामाला लागले. माझा मालक खोकल्याने अकाली गेला. त्याच्या धाकट्या भावाने लगेच भंगारवाल्याला बोलावले. मालकाची बायको दारातच उभी राहिली.

"भाऊजी, यंत्र कुठं जाणार नाही. मी वर्तमानपत्र काढणार आहे."

तेव्हा बाईने वर्तमानपत्र वाचले तरी लोक नाके मुरडत. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारे कारागीर बाईच्या हाताखाली नको म्हणून निघून गेले. मग आमच्या बाई स्वतः खिळे जुळवू लागल्या. त्यांची नणंद माझा दांडा ओढू लागली. तिच्या हातांना घट्टे पडले. गावातले शहाणे पुरुष खिडकीतून डोकावत, खिदळत, आणि अंक निघाला की तोच फुकट वाचायला पहिले हजर! मला त्यांचा वीट आला होता.

एकदा बाई अनाथाश्रमात बातमीसाठी गेल्या. परत आल्या त्या तोंडाला रुमाल लावूनच. मुलांच्या पिठात अळ्या वळवळत होत्या. चांगले धान्य आश्रमाचे विश्वस्त बाहेर विकत होते, आणि मुले पोट धरून लोळत होती. बाईंनी सगळे नावानिशी लिहिले. मजकूर जुळवून माझ्यावर चढवला.

इतक्यात दीर विश्वस्तांना घेऊन आले. विश्वस्त गावातले बडे प्रस्थ. त्यांच्या अंगाला अत्तराचा घमघमाट होता. शाईच्या वासात वाढलेले मी, पण तो वास मला सोसवेना.

"वहिनी, बाईमाणसानं घाणीत हात कशाला घालायचा?" दीर म्हणाले.

"घाण मी केली नाही, भाऊजी. मी नुसतं झाकण काढलंय."

विश्वस्त हसले. "त्या पोरांना नाहीतरी चव कुठली कळते?"

मित्रांनो, माझ्यावर नाना तऱ्हेचा मजकूर छापला गेला, पण इतके ओंगळ वाक्य मी कधी ऐकले नव्हते. बाईंनी त्यांना दार दाखवले. जाता जाता दिरांनी माझ्यावरची खिळ्यांची जुळवलेली सगळी पाने जमिनीवर पालथी केली. खिळे कोपऱ्याकोपऱ्यांत उधळले.

नणंद रडू लागली. बाई खाली बसल्या आणि खिळे वेचू लागल्या. "रड, पण वेचता वेचता," त्या म्हणाल्या. मजकूर त्यांनी पुन्हा जुळवला. विश्वस्तांचे ते वाक्यही त्यात जसेच्या तसे घातले.

अंक उशिरा निघाला, पण निघाला. लोक आश्रमावर धावून गेले. विश्वस्तांना पायउतार व्हावे लागले आणि मुलांच्या ताटात स्वच्छ अन्न आले. बाईंच्या अंकाला मिळणाऱ्या जाहिराती मात्र बंद झाल्या. अंक लहान झाला, पण त्यांच्या हयातीत तो थांबला नाही.

बाई गेल्या आणि मी अडगळीत पडले. माझ्यात उंदरांनी बिळे केली. पुढे दिरांच्या नातवाने हॉटेल काढले आणि शोभेसाठी मला घासूनपुसून दारात उभे केले. माझ्यावर पाटी ठोकली. तीवर नाव होते दिरांचे! 'निर्भीड आद्य संपादक.'

पाटीच्या समारंभाला वाकलेली नणंद आली होती. भाषणे ऐकवेनात तेव्हा ती काठी टेकत उठली.

"खोटं आहे हे! माझ्या या भावाच्या बोटाला कधी शाई लागली नाही. वहिनीनं काढलं वर्तमानपत्र. भावानं तर तिचे खिळे उधळले होते!"

नातू गोड हसला. "आजी थकल्यात. त्यांना सरबत द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाजंत्री सुरू झाली. माणसे माझ्यापुढे हसत फोटो काढू लागली. मला उलटी करता आली असती तर तिथेच केली असती.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, धूळ पुसा, त्याचा मला आनंदच आहे. पण जुन्या वस्तूची निगा राखताना ती राबवणाऱ्या माणसाचे नावही जपा. आणि भर सभेत एखादी म्हातारी काठी टेकून उठली, तर तिच्या हातात सरबत देऊ नका. तिला बोलू द्या.