स्टिअरिंगचे पाच तडे

दाताच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा विचारणाऱ्याला एकच उत्तर दिलं, "जन्मभर दुसऱ्यांची तोंडं बघितली, आता पुरे." खरं कारण त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

वडिलांची जुनी गाडी त्यांच्या थोरल्या बहिणीकडे होती. गाडी साठीची, ताई पंचाहत्तरीची, आणि दोघीही अजून रस्त्यावर. पण स्टिअरिंगला पाच तडे गेले होते. वळण घेताना त्यांच्या कडा ताईच्या तळव्याला चावायच्या. "नवं बसवा," असं गॅरेजवाला म्हणाला. ताईनं ते कानाआड केलं, त्याच्याकडूनच स्टिअरिंग काढून घेतलं आणि भावाच्या टेबलावर आणून आदळलं.

"दात भरायचास ना? आता हे भर."

"अगं, हा काय दात आहे?"

"दातापेक्षा बरं. बोंबलत तरी नाही."

नाही म्हणायला डॉक्टरांना सबब सुचेना. कीड लागलेल्या दाढेचं असतं तसंच इथंही होतं: तडा बुजवण्याआधी तो रुंद करायचा, आतली घाण खरवडायची, नाहीतर वरचा भराव टिकत नाही. ताईनं स्टिअरिंग धरलं. डॉक्टरांनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवून तिकोनी कानस चालवली. पहिले दोन तडे नीट झाले. तिसरा आतल्या अंगाला होता, तिथं मनगट टेकायला जागाच नव्हती. कानस सटकली आणि गुळगुळीत काळ्या कडीवर बोटभर लांब ओरखडा उठला.

ताईनं ओरखड्याकडे पाहिलंच नाही. ती त्यांच्या हाताकडे बघत होती.

"कधीपासून थरथरतोय?"

"दोन वर्षं होतील."

"घरात माहीत आहे?"

"नाही."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"मीच डॉक्टर आहे."

"दातांचा," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी कानस खाली ठेवली. "घेऊन जा ते. नवं बसव."

ताईनं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि कानस उचलली. "सांग, कुठं आणि किती?"

"रेटू नकोस. पुढं जाताना घास, मागं येताना उचल."

दुपारपर्यंत पाचही तडे मोकळे झाले. दोन नळ्यांतला इपॉक्सी गोंद समप्रमाणात मिसळून त्यांनी तो तड्यांत किंचित उंच भरला. दोन दिवस हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसऱ्या सकाळी ताईनं वाळलं का बघायला नख रोवलं, आणि चौथा तडा पुन्हा भरावा लागला.

त्या आठवड्यात डॉक्टरांनी बायकोला सांगून टाकलं. तिनं मान वर न करता विचारलं, "मग मी तुम्हाला अर्धाच कप चहा का देते, असं वाटलं होतं?"

पुढं पॉलिश पेपरनं घासणं झालं, रंग झाला. ओरखडा बुजला. चौथा तडा मात्र तिरप्या उजेडात अजून दिसतो. स्टिअरिंग बसवल्यावर ताईनं पहिली फेरी मारली ती भावाला शेजारी बसवून, नसांच्या डॉक्टरकडे. त्या तज्ज्ञांनी तपासून सांगितलं की दाताचे डॉक्टर मनात धरून बसले होते तो कंपवात हा नव्हे. गोळ्यांनी थरथर कमी होईल, पूर्ण थांबणार नाही.

दवाखाना काही पुन्हा उघडला नाही. डॉक्टरांनी खुर्ची आणि हत्यारं एका नव्या डॉक्टरणीला देऊन टाकली. आठवड्यातून दोनदा ते तिच्याकडे जातात, हात खिशात घालून मागं उभे राहतात आणि सांगतात, कुठं आणि किती.