हळदीच्या कॅप्सूल

पिवळा डबा. भाताच्या आवणीत वाकलेल्या बाया. शहापूरच्या हॉलमधलं नवं स्टेज. ताठलेले दोन गुडघे.

गुडघेदुखीवर म्हणून हळदीच्या कॅप्सूलचे डबे विकणाऱ्या किशोरनं वैशाखरे गावच्या बाईजाला स्टेजवर बोलावलं. चारचौघांत ही आपल्याला खोटं पाडणार नाही, असं तो धरून चालला होता.

"या मावशी. आमच्या कॅप्सूल खाऊन आता धावतात!"

बाईजानं खुर्ची सारली आणि खाली बसकण मारली.

"उठा मावशी, चालून दाखवा."

"तूच उठव रे. तुझे डबे खाल्ले, तरी मला उठता येत नाय."

किशोर तिला ओढून घामाघूम झाला. तिनं अंग आणखी सैल सोडलं.

"बघून घ्या गो," ती समोरच्या बायांना म्हणाली, "मग घ्या डबा."

बाया चपला शोधू लागल्या.

एरवी जिच्या जोरावर ती चालायची, ती डॉक्टरांची दुखण्यावरची गोळी तिनं त्या सकाळी मुद्दाम घेतली नव्हती.