कळशीभर बर्फाचे पाणी

मित्रांनो, उदगीरच्या एका कॉलेजात जिन्याखाली सुतळीने दार बांधलेला जुना फ्रीज दिसतो ना, तो मी. आता माझ्यात खडूचे खोके ठेवतात.

कारखान्यातून नवाकोरा निघालो तेव्हा वाटले होते, चला, आता आंबे, श्रीखंड, थंडगार ताक! नशिबी आली प्रयोगशाळा. पण तिथे संशोधन करणाऱ्या तारामती मॅडमनी माझ्या बर्फाच्या कप्प्यात इवल्याशा नळ्या ठेवल्या आणि माझी मान ताठ झाली.

मॅडम देगलूरच्या. त्यांचे वडील सटवाजी सूत रंगवण्याच्या कारखान्यात कामगार होते. रंगवण्याआधी सूत स्वच्छ करायला कॉस्टिक सोड्यात उकळायचे. त्याने हात सोलून निघत, धुवायला पाणी अमाप लागे आणि ते सांडपाणी ओढ्यात जाई. हे काम सोड्याऐवजी विकराने करावे, हा मॅडमचा ध्यास. विकर म्हणजे एन्झाइम; आपल्या पोटात अन्न पचवतात ना, तसलेच. सूत स्वच्छ करणारे विकर होते, पण गरम पाण्यात ते निकामी व्हायचे. म्हणून ते बनवणाऱ्या जिवाणूंत मॅडम बदल घडवत, सरस निवडत, त्यांत पुन्हा बदल घडवत. शेतकरी बियाण्यासाठी भरदार कणीस राखतो, तसेच. कितीतरी वर्षांनी मोजक्याच गरम पाण्यात, सोड्याशिवाय सूत स्वच्छ निघाले. ते जिवाणू त्या नळ्यांत होते. जपणूक म्हणून त्यांचा एक संच नांदेडच्या विद्यापीठातही ठेवायचा, हे आज-उद्या करत राहून गेले.

मग तो दुष्काळ आला. लातूरला रेल्वेने पाणी आले. आमच्याकडे उदगीर नवा जिल्हा होणार की नाही, यावर चर्चा रंगत आणि नळातून नुसती हवा येई. मॅडमना प्रयोगाची भांडी धुवायलाही पाणी मिळेना. सुट्टी लागली आणि त्या गावी गेल्या.

प्रयोगशाळा झाडणाऱ्या केवळाबाईंनी माझ्यात साठलेला बर्फ पाहिला. त्यांनी पिन काढली आणि खाली परात ठेवली. मी ओरडणार कसा? वीज गेली की माझी घरघरही थांबते.

मॅडम परतल्या, तेव्हा बाईंनी हसत कळशी पुढे केली.

"मॅडम, तुमच्या भांड्याला पाणी नव्हतं न्हवं? बर्फ लई साठला व्हता, म्हणून फ्रीज बंद केला. बघा, कळशी भरली!"

मॅडमनी नळ्यांतले जिवाणू वाढवून पाहिले. एकही जगला नव्हता. उष्णतेला टिकणारे विकर त्यांनी घडवले होते, पण ते बनवणाऱ्या जिवांना उन्हाळा सोसला नाही.

केवळाबाई रडू लागल्या. "मला काय ठाव, बर्फात जीव ठिवलेत म्हणून?"

"तुमचं चुकलं न्हाई, बाई. इतकी वर्षं संगं काम केलं आपण, पण मी तुम्हाला कधी सांगितलंच न्हाई."

मॅडमनी ते पाणी फेकले नाही. त्याच पाण्याने भांडी धुतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. निवृत्त होईपर्यंत त्या झटल्या, पण तसे विकर पुन्हा हाती लागले नाही. सटवाजींच्या कारखान्यात सूत अजून सोड्यातच उकळते. मला याचे फार वाईट वाटते.

मित्रांनो, मोलाची वस्तू नुसती जपू नका. ती काय आहे, हे तुमच्या शेजारी राबणाऱ्या माणसालाही सांगा. एक वाक्य पुरले असते. मला ते बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.