एवनचं रक्त

नदीकाठच्या मासेमारीच्या उन्हाळी तळावर ओलिंका सॅमन चिरत बसली होती. तेवढ्यात तिचा आतेभाऊ वसिली होडीतून आला. गावच्या दवाखान्यात इंजेक्शनं, मलमपट्टी तोच बघायचा.

"चल. अँकरेज शहरातल्या डॉक्टरीणबाई फोनवर बोलणार आहेत तुझ्याशी. हात धू आधी, माशाच्या वासानं फोन बंद पडायचा."

"तुझ्या तोंडाच्या वासानं पडला नाही तो अजून," ती म्हणाली, पण सुरी ठेवून लगेच उठली.

तिच्या रक्तात हेपटायटिस बीचा विषाणू होता. लेकीच्या, फेक्लाच्याही. आणि धाकट्या मुलाच्या, एवनच्याही होता. त्याला तर यकृताच्या कॅन्सरनं ऐन तारुण्यात नेलं. हा विषाणू बाळंतपणात आईकडून मुलाला जातो, हे कानावर आल्यापासून आपणच पोराला मारलं असं तिनं मनाशी धरलं होतं. बोलली कुणाजवळच नव्हती. फेक्लाला दिवस गेले आणि ओलिंकाची झोपच उडाली. शेवटी वसंतात तपासणीला रक्त देताना तिनंच विचारलं होतं, "एवनचं जुनं रक्त गोठवून ठेवलंय ना तुम्ही? तेही माझ्या रक्ताशी ताडून बघा."

दवाखान्यात वसिलीनं फोन स्पीकरवर टाकला.

"ओलिंका, या विषाणूची घराणी असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढे पुढे जाताना तो थोडा थोडा बदलतो, त्यावरून कोण कुणाचा ते कळतं. तुमचा आणि फेक्लाचा एकाच घराण्यातला. तुमच्या उत्तरेकडच्या लोकांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे, बहुतेकांना फारसा त्रास देत नाही. तपासण्या मात्र चुकवू नका. आणि बाळाला जन्मल्याबरोबर लस द्यायची."

"आणि एवनचा?"

"तो वेगळ्याच घराण्यातला, फार वाईट. लहानपणी कुणाशी खेळताना, खरचटलेल्या जखमेतून आला असेल. पण तुमच्याकडून नाही आला."

ओलिंकानं नुसत्या भुवया उंचावल्या.

"ऐकताय ना? कळलं ना?"

"ती हो म्हणतेय, भुवयांनी," वसिली म्हणाला. "आवाज बसलाय तिचा. जन्मात पहिल्यांदाच."

ती हसली आणि हसता हसताच रडायला लागली. वसिलीची थट्टा तिथंच थांबली. होडी बघून येतो म्हणून तो बाहेर गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

तळावर फेक्ला मासे धुरावर सुकवण्याच्या खोपटात लाकडं सारत होती. ओलिंकानं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"इतकी वर्षं हे एकटीच घेऊन बसली होतीस तू?" फेक्लानं विचारलं.

"कुणाला सांगणार होते?"

"मला! मी पण रोज पोटावर हात ठेवून तेच म्हणते, माझं याला जाईल का!"

दोघी ओंडक्यावर टेकल्या. एवनचं नाव निघालं की ओलिंका उठून जायची. आज तीच सांगत सुटली. लहानपणी हा पठ्ठ्या जाळ्यातला मासा सोडवायला बूट-मोज्यांसकट पाण्यात उतरायचा आणि वर आपल्यालाच ओरडायचा, 'पाणी इतकं गार का ठेवलंस?' फेक्ला पोट धरून हसत होती.

"थांब गं आई," ती म्हणाली, "आतला पण लाथा मारायला लागलाय."

"मारू दे," ओलिंका म्हणाली, आणि पुढची गोष्ट सांगायला लागली.