तडा नसलेली झडप

शिमग्याला येसाजी कापड्याला आला, तेव्हा गावानं त्याला पहिलं काय विचारलं असेल, तर "मालोजी नाय आला?"

एसटीतून उतरताना विचारलं, ओढ्यावर विचारलं, पालखी नाचवणाऱ्यांनी ढोल थांबवून विचारलं. दहा वर्षांपूर्वी दोघं एकाच दिवशी हवाई दलात भरती झाले होते, एकाच तळावर विमानांचे फिटर होते. पण गावाच्या तोंडी नाव एकाचंच. "त्याचं इमान बंद पडलंय. रजा नाय मिळाली," येसाजी सांगे आणि आतल्या आत सुखावे.

कारण ते विमान बंद पडलं होतं ते त्याच्यामुळेच.

आसामातल्या त्या तळावर फ्रान्सहून आणलेली लढाऊ विमानं होती. ती जात बनवायची तिकडच्यांनी केव्हाच सोडली होती, त्यामुळे सुटे भाग येईनात. चीनची लढाई नुकतीच होऊन गेलेली. वरून हुकूम यायचे की विमानं उडती ठेवा. मग साहेबांनी ठरवलं, एक विमान मोडायचं आणि त्याच्या भागांवर बाकीची जगवायची. कुठलं मोडायचं? मालोजीनं येसाजीच्या विमानाकडे बोट दाखवलं. "त्याच्या पंखाच्या मुळाशी चीर आहे, साहेब." चीर होती, खोटं नव्हे. पण ती येसाजीनंच त्याला विश्वासानं दाखवली होती. साहेबांना सांगायचा धीर होत नव्हता म्हणून.

त्यानंतर चार महिने येसाजी आपलंच विमान आपल्याच हातानं सोलत राहिला. आज पंप, उद्या चाक, परवा करंगळीएवढी नळी. सगळं मालोजीच्या विमानात जाई, आणि ते उडालं की शाबासकी मालोजीला. शेवटी चाकं खाली सोडणाऱ्या तेलाची झडप मागायला मालोजी आला, तेव्हा येसाजीनं तिला 'तडा गेलेली' अशी चिठ्ठी बांधली होती. "रद्द झाली रे," तो म्हणाला. तडा कुठंच नव्हता. मुठीएवढी ती झडप मोज्यात गुंडाळून त्यानं ट्रंकेच्या तळाशी टाकली आणि रजेवर निघून आला.

धुळवड झाल्यावर मालोजीचा बाप सोनबा काठी टेकत आला. त्याच्या हातात पत्र होतं.

"येसा, वाच रे बाबा. मास्तर पोलादपूरला गेलाय."

येसाजी ओटीवर बसून वाचू लागला. मालोजीनं लिहिलं होतं, 'बाबा, रागावू नका. एक भाग मिळत नाही, तो मी कानशीनं घासून स्वतः बनवतो आहे. बरा निघाला तर साहेब त्याच्यावरच विमान उडवून बघणार आहेत. येसा तिकडे आला असेल. त्याचं विमान मोडून आमची तीन विमानं जगली. त्याला किती लागलं असेल ते मला ठाऊक आहे. त्याला एकदा घरी जेवायला बोलवा.'

आपल्याबद्दलची सगळी वाक्यं येसाजीनं गाळली.

"येवढंच?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"येवढंच."

सोनबा गेला आणि येसाजीच्या अंगाची लाही झाली. शाबासकी यानं घ्यायची, गावाचा लाडका यानं व्हायचं, आणि मनाचा मोठेपणाही यानंच दाखवायचा? मग माझ्या वाट्याला काय?

जरा वेळानं त्याला दुसरं सुचलं. घासून केलेली झडप वर जाताना चालेल; उतरताना अडकली तर? चाकं आलीच नाहीत तर? 'मग मालोजीचं नाव मातीत जाईल,' असं त्याच्या मनानं म्हटलं. आणि त्याच क्षणी त्याला त्या विमानात बसणारा बाविशीतला वैमानिक साहेब आठवला, चढण्याआधी फिटरचा हात हातात घेणारा. येसाजी स्वतःलाच भ्याला. उठून त्यानं टोपी घातली.

"अवो, सणाचं कुठं निगालात?" बायको बायजा चुलीपासून उठून आली.

"म्हाडला. मालोजीला तार करायचीय."

महाडच्या तारबाबूनं कागदावरची अक्षरं मोठ्यानं वाचली: "हातची झडप लावू नकोस. खरी माझ्याकडे. येसाजी." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "एवढंच ना?" येसाजीनं मान हलवली. हे आपल्या नोकरीचं मरण आहे, हे त्याला ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. "तारेआधीच मंगळवारी उडालं. नीट उतरलं. कोणाला बोललो नाही. गुपचूप आण. मालोजी."

येसाजी तार हातात धरून बसून राहिला. विमान उतरलं म्हणून छातीवरचा धोंडा हलला खरा. पण 'कोणाला बोललो नाही' हे शब्द त्याला इंगळीसारखे डसले. आता जन्मभर याच्या उपकाराखाली जगायचं! समोर आला की मान खाली घालायची!

"नाय," तो एकटाच म्हणाला. "त्येवढं नाय."

तळावर पोचल्यावर तो सामान न ठेवता थेट साहेबांपुढं उभा राहिला, झडप टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, खरं बोललास म्हणून कमीवर सोडतो. बाहीवरची हुद्द्याची पट्टी गेली, अठ्ठावीस दिवस कोठडी झाली. आपण खरेपणापायी बोललो नाही, हे येसाजीनं साहेबांना सांगितलं नाही.

सुटल्यावर त्याला मालोजीच्याच हाताखाली दिलं. मालोजी दुसऱ्या विमानासाठी झडप घासत होता. त्यानं वर पाहिलं, सरकून जागा केली.

"आता तरी सांगशील, कशापायी केलंस?"

"तुझा राग येतो म्हणून."

"अजून?"

"अजून."

मालोजी पुन्हा कानस चालवू लागला. बाकावर एक तयार झडप होती. येसाजीनं ती उचलली, उजेडात फिरवली, अंगठा आत घालून कडा चाचपली. खोट शोधायचीच होती त्याला. पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. सापडली नाही. दहा वर्षं तो या माणसाच्या नशिबावर जळत आला होता. आता पहिल्यांदा त्याच्या हातावर जळला.

त्यानं झडप खाली ठेवली, बाकावरची दुसरी कानस उचलली.

"कशी धरतोस ती?" तो घुश्श्यातच म्हणाला. "दाखव."