दुसऱ्या मजल्यावरचं पिंप

उमरग्याच्या हायवेला माझं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चहा, भजी आणि चार बाकडी. समोर तीन मजली लॉजचं बांधकाम चाललं होतं, आणि तिथला वॉचमन बलभीम सारखा माझ्याकडे चहाला यायचा. मूळचा तेरखेड्याचा. उमेदीची सगळी वर्षं फटाक्यांच्या कामात गेली, डावा हात कोपरापर्यंत भाजलेला. त्यामुळे आगीचा त्याला भलताच धसका. वेल्डर दिसला की हा त्याच्या मागे मागे. साइटच्या साहेबाच्या मागे लागून त्यानं दोन पिंपं मिळवली, स्वतः लाल रंग दिला आणि एक दुसऱ्या, एक तिसऱ्या मजल्यावर पाण्यानं भरून ठेवलं. आग विझवायचं सिलिंडरही होतं एक, पण ते साहेबाच्या ऑफिसात कुलपात. चोरीला जाईल म्हणे!

पाण्याची टंचाई तर आमच्या भागाच्या पाचवीलाच पुजलेली. टँकर आला नाही की साइटवरच्या बायका रिकामे हंडे घेऊन पिंपांकडे बघायच्या. बलभीम तांब्याभर देईल तर शपथ.

"काका, पिंपात मासं पाळल्यात व्हय?" त्या चिडवायच्या.

"पयल्या बादलीला इझती ती आग," तो म्हणायचा. "दुसरीपतूर ती थांबत न्हाय. पयली बादली भरलेली पायजे."

मीही हसायचो. त्याचा जावई धनाजी तर सगळ्यांत जास्त हसायचा.

धनाजी आणि बलभीमची लेक समृद्धी त्याच साइटवर कामाला होते. धनाजी सेंट्रिंगच्या फळ्या ठोकायचा, तोंडानं शिट्टी चालू. समृद्धीला मुलगी झाली. आई नाही, सासर लांब, म्हणून बाळंतीण पत्र्याच्या शेडमध्येच राहिली आणि माझी बायको पार्वतम्मा तिचं करायला जाऊ लागली. पाचवीचा दिवस उजाडला आणि टँकरचा पत्ता नाही. माझ्या टाकीचाही तळ दिसत होता. ना बाळंतिणीला अंघोळ, ना पोरीला. पाचवी पुजायची तरी कशी?

बलभीम सकाळपासून शेडसमोर येरझाऱ्या घालत होता. शेवटी वर गेला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या पिंपातून दोन हंडे भरून आणले.

"माणिकप्पाकडनं आणलंय," असं लेकीला माझं नाव सांगितलं.

पार्वतम्मानं पाणी तापवून मायलेकींना न्हाऊ घातलं. पोरगी अंघोळीनंतर गाढ झोपली. धनाजी तिच्याकडे बघत किती वेळ नुसता बसून होता.

पण हंडे उतरवताना बायकांनी पाहिलं होतं. "सोताच्या लेकीला चालतंय, मग आमाला का न्हाय?" त्यांचं काही चुकलं नव्हतं, आणि बलभीम पिंपांपासून बाजूला झाला. संध्याकाळपर्यंत दोन्ही पिंपं कोरडी झाली. शेडमध्ये पोरीपाशी बसलेल्या धनाजीला हे कळलंच नाही. उद्या टँकर आला की आधी पिंपंच भरतो, हे तो मला पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वेल्डर दुसऱ्या मजल्यावर जिन्याचा कठडा जोडत होता. एरवी बलभीम त्याच्याजवळ उभा असता. त्या दिवशी तो गेटवर टँकरची वाट बघत होता. ठिणगी थर्माकोलच्या ढिगात पडली. धनाजी शेजारीच काम करत होता. बादली घेऊन तो पिंपाकडे धावला, आणि त्याचा आवाज माझ्या हॉटेलापर्यंत आला.

"मामा, पिंप रिकामं हाय!"

बाकीचे जिन्यानं खाली पळाले. हा वर पळाला, तिसऱ्या मजल्यावरच्या पिंपाकडे.

"वर जाऊ नगंस! तिथंबी न्हाय!" बलभीम खालून जीव तोडून ओरडला. त्याला ऐकू गेलं नाही. इमारतीभोवती बांधलेल्या हिरव्या जाळीनं पेट घेतला होता आणि जिना धुरानं भरला होता.

आगीची गाडी लवकर आली, भरलेली आली. धनाजी वरच्या पिंपापाशी सापडला, बादली हातातच होती. गाडीच्या मागे हॉर्न वाजवत आमचा पाण्याचा टँकर आला. मला त्या टँकरवर दगड घालावासा वाटला.

शेड रिकामी करायला लावली, म्हणून बापलेकींना मी हॉटेलामागची खोली दिली. बलभीम चहाही घेईना. समृद्धी पोरीला ओल्या फडक्यानं पुसून काढायची. अंघोळीचं नाव काढलं की नको म्हणून मान हलवायची. तेरावा झाल्यावर बलभीम तिच्यासमोर येऊन बसला. मी आणि पार्वतम्मा दारातच होतो.

"बाई, पाचवीचं पाणी माणिकप्पाकडचं नव्हतं."

"ठावं हाय, आबा. पिंपातलं हुतं."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगल? रंगाचा वास येत हुता पाण्याला. पयला तांब्या अंगावर पडला तवाच कळलं." ती जमिनीकडे बघत होती. "म्या बी गप्प बसले. लई बरं वाटत हुतं ते पाणी."

तिनं बापाला शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. म्हातारा गुडघ्यात डोकं घालून मोठ्यानं रडायला लागला. समृद्धीनं त्याला रडू दिलं. मग पार्वतम्माला म्हणाली, "काकू, पाणी तापवा."

तिनं पाय पसरले, पोरीला पायांवर आडवं घेतलं आणि तांब्या भरून बापापुढे धरला. बलभीमनं तो भाजलेल्या हातात घेतला, पण हात पुढे जाईना. पोरगी उघडी पडून रडत होती.

"वता की आबा," समृद्धी म्हणाली. "पाणी गार व्हायलंय."